पाठलागातली चूक

खोका उघडला तेव्हा कायतान म्हणाला,
"इतलोच?"
इतकाच.
पोदेराच्या एका पावाएवढा,
पाठीला ॲल्युमिनियमच्या फासळ्या,
तोंडाशी हिरवे प्लग, आणि एक बारीक काच
जी अजून काहीच दाखवत नव्हती.

जुना ड्राइव्ह भिंतीला होता, कपाटाएवढा.
पोटात पंखा, पंख्यात काजूच्या सालींची धूळ,
दार उघडलं की पाल.
बावीस वर्षं कायतान त्याला सांभाळून होता.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला टेकवायचा,
मूठ कानाला लावायचा,
आणि सांगायचा, बेअरिंग गेलं,
किंवा बेल्ट सैल,
किंवा चालवणाऱ्याचं घरी भांडण झालंय.

कुंडईत त्या गुरुवारी दिवसभर वीज नव्हती,
म्हणून बुधवारी रात्रीच बसलो.
चाकू पाकिटाच्या काळ्या रेघेवर पडायला हवा.
महिनाभर तो छापील काजूवर पडत होता,
अर्धा काजू या पाकिटावर, अर्धा पुढच्या.
मालक सिनाय दोन्ही अर्धे जुळवून
सगळ्यांना दाखवत फिरायचे. हसायचे नाहीत.

मी तारा लावल्या, लॅपटॉप जोडला,
आणि कायतानला सांगू लागले:
हा मोटारीला नुसतं चल म्हणत नाही.
विचारतो, कुठे आहेस?
उत्तर येतं. जरा ढकलतो. परत विचारतो.
सेकंदाला सोळा हजार वेळा.
जिथे असायला हवं आणि जिथे आहे
त्यांच्यामधल्या अंतराला नाव आहे,
पाठलागातली चूक.
चालत्या मोटारीत ती कायमची शून्य दिसली
तर समजायचं, कुठेतरी तार तुटलीय.

"चोडणची फेरी," तो म्हणाला.
त्याचा भाऊ तिथे सुकाणूवर असायचा.
ओहोटीला धक्का समोर दिसतो,
पण नाक वरच्या अंगाला धरायचं,
आणि सारखं थोडं, परत थोडं.
हात थांबला तर माणसं, स्कूटरी, मासळीच्या पाट्या
सगळी निघाली पणजीला.
माझ्या पुस्तकात याची अकरा पानं होती.

पहिल्या खेपेला गेन जास्त पडला.
शाफ्ट जागच्या जागी थरथरायला लागला,
इकडे सरकला, मागे ओढला, तिकडे जास्त गेला, परत मागे,
डब्यात अडकलेल्या गांधीलमाशीचा आवाज.
मोडलं काहीच नव्हतं.
चूक दुरुस्त करायची घाई झाली होती, एवढंच.

कायतानने स्क्रूड्रायव्हर पुढे केला नाही.
उजवा हात खिशात होता
आणि खिसा हलत होता.
मग आठवलं, चवथीपासून तो हजेरीवर
डाव्या हाताने सही करतोय,
आणि आम्ही अक्षराची टिंगल करत होतो.

"नेट उणो कर गो बाय,"
तो मोटारीकडे बघत म्हणाला.
नव्वद. साठ. बेचाळीस.
आवाज खाली बसला.
काचेवर दोन, तीन, उणे एक, दोन.
मी बराच वेळ काचेकडेच बघत राहिले.

मशीन सोडलं. पहिली सात पाकिटं वाया,
आठव्यापासून चाकू रेघेवर.
अख्खा काजू. अख्खा काजू. अख्खा काजू.
त्याने स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. "आयक."
मी मूठ कानाला लावली.
काहीच नाही, मी म्हटलं.
"बरें," तो म्हणाला,
"तें आयकूंक म्हाका धा वर्सां लागलीं."

पहाटे सायकलचा भोंपू वाजला.
पाल जुन्या कपाटातून निघून
नव्याच्या जवळपास फिरून आली,
मावेना, म्हणून ट्यूबलाइटमागे गेली.
फाटकाशी उभं राहून आम्ही पाव घेतले, चहा घेतला.
कायतानने खिशातला हात बाहेर काढला,
कप दोन्ही हातांत धरला
आणि वर आणला, थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे,
बशीत सांडला थोडा,
परत थोडा डावीकडे,
आणि ओठांना लावला.