दार उघडं

माझ्या ताब्यात एक फ्रीजर आहे, उणे ऐंशीचा.
शिरे नदीच्या काठी, जिथे सावलीतही
अडतीस असतं, तिथे हा एवढाच हातभर तुकडा
जिथे माझा श्वास मला दिसतो.
रात्री जनरेटर अडखळला की मी ताडकन उठतो.
बायको म्हणते, तान्हं रडलं तर कूस बदलतोस,
आणि या पेटीसाठी अनवाणी धावतोस.

नळी चारशे सत्तेचाळीस. अर्धा मिलिलिटर.
लिंबानी, चौदा महिने. आई फाइनेसी.
नळीवर नाव नाही. नाव मला पाठ आहे,
ते नियमात बसत नाही.

तो आला भाड्याच्या सायकलीच्या कॅरियरवरून,
आईच्या पाठीला चितेंजेने बांधलेला.
पाय गुबगुबीत. शेजारणी म्हणाल्या होत्या, बाळसं धरलंय.
सूज आणि बाळसं यांतला फरक
नर्सने अंगठ्याने दाबून दाखवला:
खळगा पडला,
आणि पडून राहिला.
त्याच दुपारी आईचा अंगठा घेतला, जांभळ्या शाईत,
पान सहा, खालच्या चौकोनात.

कागदावर जुलाब, ताप, छातीत घरघर.
शेजारच्या खाटेवरच्या पोरीचंही तेच होतं,
ती चौथ्या दिवशी वाटी हिसकावून दूध प्यायली.
मग याचंच का?
मोठे डॉक्टर सांगतात ते मला असं कळलं:
आतड्याचं अस्तर झिजून विटलेल्या कापडासारखं,
आतलं आत राहीना, रक्तात उतरू लागलं.
शरीराने चूल पेटवली ती विझवायचं विसरलं.
जळण म्हणून आधी साखर घातली,
मग मांड्या घातल्या,
मग खाट, मग दाराची चौकट.
पहाटे तीनच्या सुमारास यकृताने
कोठारातून थोडी साखर काढून द्यायची असते.
त्याच्या कोठारात नुसती चरबी, आणि कुलूप.
म्हणून तो रडला नाही.
रडायलाही साखर लागते.

तरी बरा झाला! नवव्या दिवशी सूज उतरली,
माझ्या बोटातली रबरी अंगठी ओढून बघत होता.
घरी गेला.
तेविसाव्या रात्री घरीच
झोपला तो झोपलाच. ताप नव्हता.
आमच्या वहीत त्यासाठी रकाना आहे, तो भरला.

काल फाइनेसी आली. सुकी मासळी विकायला आली होती,
टोपली दाराबाहेर ठेवून.
मला ती आडोकोटाला म्हणते, म्हणजे डॉक्टरसाहेब.
मी डॉक्टर नाही, कितीदा सांगितलं.
म्हणाली, त्याला पुरलं तेव्हा थोडा इथे राहिला होता.
तेवढा द्या.

मला सांगायचं होतं: हे पान सहा, कलम चार,
दहा वर्षं जपून ठेवायचं मान्य आहे.
सांगायचं होतं: तो कशाने गेला ते यातूनच कळेल,
म्हणजे दुसऱ्या कुणाचा...
जीभ उचलेना.
कोणत्या तोंडाने सांगू, दुसऱ्या कुणाचा?

मी दार उघडलं. हे नियमात बसत नाही.
धुकं तिच्या पावलांवर सांडलं.
खोका काढून दाखवला: पांढऱ्या टोपणाच्या शंभर नळ्या,
ही. ती वाकली.
हात लावू नका म्हणेपर्यंत
कडेच्या हिमावर तिने अंगठा टेकला होता.
थंडी चावते, माणूस झटकन हात काढतो.
तिने काढला नाही.

बोलला का हा काही, तिने विचारलं.
अजून नाही, मी म्हटलं.
लहानपणापासून उशिराच बोलतात
आमच्या घरची, ती म्हणाली,
आणि टोपली डोक्यावर घेऊन गेली.
मासळीचा वास बराच वेळ खोलीत होता.

तेवढ्यात बोंबलू लागला गजर. उणे एकाहत्तर.
मी दार लावलं, पाठ टेकवून उभा राहिलो
आकडा उतरेपर्यंत.
मग वही घेतली. तारीख, वेळ, सही.
कारण, या रकान्यात
बराच विचार करून लिहिलं:
दार उघडं राहिलं.