मॉस्टिन

मार्च संपता संपता त्याला फ्रिजमधून काढलं.
खालच्या खणात, बुटांच्या खोक्यात,
पाच अंशांवर हिवाळाभर झोपला होता तो.
वरच्या खणात माझं दही, आलं-लसणाची बाटली.
रोज एकदा दार उघडून
मी सगळ्यांनाच थोडी हवा द्यायचो.
रेक्सममध्ये कासवं अशीच झोपवतात, म्हणाला इड्वल.
वृद्धाश्रमात जाताना कासव माझ्या हाती दिलं त्यानं
आणि वह्या : दर रविवारचं वजन, ग्रॅममध्ये,
एकोणीसशे बहात्तरपासून.
मी जन्मलोही नव्हतो.

मान बाहेर आली. पाय आले.
डोळे आले नाहीत.
पापण्या फुगलेल्या, भिजत घातलेल्या वालासारख्या,
कडांना पिवळट चिकटा.
काकडी नाकाशी धरली,
तो भिंतीकडे तोंड करून बसला.
रुसला असेल, असं मी चार दिवस मानलं.
चार दिवस. हे मी कॅरिसबाईंना
दोन दिवस म्हणून सांगितलं.

त्या जनावरांच्या डॉक्टर. हात गरम, प्रश्न थंड.
खायला काय देता? काकडी, आइसबर्ग.
म्हणजे पाणीच, म्हणाल्या.
दिवा कधीचा आहे?
पेटतो अजून, मी म्हटलं.
पेटेल हो, पण त्यातलं ऊन
केव्हाच संपलेलं असेल.
मग त्याला उलटा धरून
शेपटी बघितली, पोटाकडचं कवच बघितलं,
आणि मलमाची चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाल्या,
हा मॉस्टिन मादी आहे.

परतीच्या बसमध्ये खोकं मांडीवर,
खाली गरम पाण्याची पिशवी,
आणि मी क्रियापदं दुरुस्त करत बसलेला :
झोपला होता, झोपली होती.
रुसला असेल, रुसली असेल.
मराठीनं मुळात 'ते कासव' म्हणून
हात झटकलेलेच.

कासवी पिलांना पाजत नाही,
नुसती त्यांच्याकडे बघते, तेवढ्यावर ती वाढतात,
असं शाळेत काळदातेबाईंनी सांगितलेलं.
खरं का, असं तेव्हाही कुणी विचारलं नाही.
इथे तर बघणारीच उपाशी.

सकाळी रात्रपाळीहून येतो.
रात्रभर मी माणसं ढकलतो,
वॉर्डातून एक्स-रेकडे, एक्स-रेतून वॉर्डाकडे.
आल्यावर भांडी घासायच्या टबात कोमट पाणी,
हनुवटीपर्यंतच, वर नाही.
उकळून निवलेल्या मिठाच्या पाण्यात कापसाचा बोळा,
आतल्या कोपऱ्यातून बाहेरच्या कोपऱ्याकडे.
तांदळाएवढं मलम.
ती डोकं आत घेते.
मग वाट बघायची. ती मला येते,
लिफ्टसमोर शिकलोय.
ओट्यावर मलम, शेजारी हळदीचा डबा.
दोन्हींचे डाग एकाच टॉवेलवर.

चर्चच्या कुंपणालगत डँडेलियन वेचताना
एका बाईनं विचारलं, भाजी करणार का?
हो म्हणून टाकलं.

अकराव्या दिवशी डावी पापणी फाकली.
आत चिंचोका, ओला, काळा.
वाटलं होतं,
आता माझ्याकडे बघेल.
तिनं पिवळं फूल बघितलं.
मान लांबवली, एकदा चुकली, टबाच्या काठाला चावली,
दुसऱ्यांदा करकचून तोडलं.
मी डॉक्टरांच्या सूचनांचा कागद
उगाचच घडी घालून खिशात ठेवला.

संध्याकाळी इड्वलचा फोन.
ऐकू कमी येतं त्याला, ओरडून विचारतो,
म्हातारा खातोय का?
पन्नास वर्षं त्यानं ज्याला म्हातारा म्हटलं
त्याचं काय करायचं, ठरलं नव्हतं माझं.
इंग्रजीत क्रियापदाला लिंग नसतं.
खाल्लं, एवढंच म्हणालो, मोठ्यानं.
तो रडला की खोकला, कळलं नाही.

रविवार. चौदाशे बारा.
मागच्या वेळेपेक्षा चार ग्रॅम जास्त.
त्याच्याच वहीत, त्याच्या अक्षराखाली माझं अक्षर.
उजवा डोळा अजून बंद आहे.
ट्यूब अर्धी उरलीय.