गोलाबाहेरच्या खुणा

जॉन्सटाउन, मार्च. शनिवार सकाळ.
चर्चच्या तळघरात कालच्या तळलेल्या मासळीचा वास
अजून घडीच्या खुर्च्यांना चिकटलेला.
आम्ही चौघी लांब टेबलाशी,
समोर एकशे बेचाळीस उत्तरपत्रिका
आणि प्रत्येकीला एकेक गुलाबी खोडरबर.

सिस्टर मेथोडिया सांगून गेल्या :
गोलाबाहेरचं सगळं पुसा,
यंत्राला कळत नाही कुठली खूण मुद्दाम, कुठली चुकून.
आणि गोलाच्या आतलं...
इथे त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, बहुतेक माझ्याकडेच.

पुसायला घेतलं.
घोड्याची शेपूट, घोडा नाही.
हातचा एक, कुणाचा ते कळायला बेरीज नाही.
एका ठिकाणी दात. हो, दात. कोपरा चावलेला.
मिसेस होर्न्याकला स्वतःच्या नातवाचं अक्षर सापडलं,
तिनं ते पान न बोलता माझ्याकडे सरकवलं.

आणि जवळपास प्रत्येक पानावर, अगदी वर, उजव्या कोपऱ्यात
जे. एम. जे.
येशू, मारिया, योसेफ.
पहिलीपासून सिस्टरनीच लावलेली सवय :
आधी ही तीन अक्षरं, मग नाव, मग तारीख.
शुद्धलेखन असो, भागाकार असो, शिक्षेचे शंभर वेळा असोत.
मीही लिहायचे. अजून वाण्याच्या यादीवर हात आपोआप वर जातो.

मिसेस वार्गो प्रत्येक वेळी पुसण्याआधी छातीवर क्रूस करायची.
दहाव्या-बाराव्या पानानंतर तिचा हात दुखला, तिनं सोडून दिलं.
मी मोजत होते. मोजू नये, पण मोजत होते.
जेवणापर्यंत मी योसेफाला छत्तीस वेळा पुसला.

मग सिरिल गाझ्दा, इयत्ता चौथी.
भट्टी बंद झाल्यापासून त्याचा बाप ओहायोत असतो.
एकोणिसाव्या प्रश्नाला त्यानं काही भरलं नव्हतं.
विसाव्यापुढे मला काहीतरी खटकलं, म्हणून प्रश्नपुस्तिका ओढली :
‘विशाल’च्या जवळचा शब्द कोणता?
त्यानं रंगवलं होतं ‘अवाढव्य’,
फक्त एक घर खाली.
त्याच्या पुढचंही एक घर खाली. त्याच्याही पुढचं.
अख्ख्या गल्लीतली माणसं
रात्री शेजारच्या दारात शिरून झोपावीत तशी
त्याची सगळी बरोबर उत्तरं चुकीच्या घरात.

खोडरबर माझ्या हातात होतं.
पेन्सिलही होती, दोन नंबरची, टोक केलेली.
बाकीच्या तिघी कॉफी आणायला गेल्या होत्या.
एकवीस गोल. मनातल्या मनात मी ते सगळे वर चढवले,
एकेक, न सांडता.

मग मी जे. एम. जे. पुसलं.
त्यानं इतकं दाबून लिहिलं होतं
की शिसं गेलं तरी खाच राहिली,
अंगठ्याला लागत होती.
पान गठ्ठ्यावर ठेवलं. त्रेपन्नावं.

दुपारी वर कबुलीजबाबाला रांग होती.
जाळीपलीकडे फादरना सर्दी झालेली.
म्हटलं, फादर, मी सांगितलं तेवढंच केलं.
ते थोडे थांबले, नाक पुसलं,
म्हणाले, मग पाप कुठे आहे, मुली?
म्हटलं, तेच विचारायला आले.
त्यांनी तीन ‘नमो मारिया’ दिल्या. जास्तच वाटल्या. कमीही.

मे महिन्यात निकाल आला.
सिरिलला खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं,
हळू वाचणाऱ्या मुलांत.
तिथून त्याला नदी दिसते, असं तो मला सांगत होता,
दुकानात, ब्रेडच्या रांगेत, अगदी खुशीत.
आणि मालगाडीचे डबे तो मोजतो.
काल एकशे अठरा होते, म्हणाला,
पण इंजिन धरायचं की नाही?

मी म्हटलं, धर.