अर्थिंग

डुलूथमध्ये सरोवर गोठलं
की हवेत ओल म्हणून राहत नाही.
ओठ फुटतात, कपाटं रात्री कडकड मोडतात बोटं,
आणि गाडीतून उतरून दार लावायला जावं
तर पत्र्यातून एक बारीक निळा विंचू
नेमका कालच्याच बोटाला डसतो.

पहिल्या हिवाळ्यात मी दार कोपरानं लावायचो.
मग ढोपरानं. मग बुटानं –
त्याचा ओरखडा अजून आहे डाव्या बाजूला.

गॅरेजवाला व्हर्लिन हाउगे, बोलण्यात काटकसरी,
म्हणाला, दोष गाडीचा नाही.
लोकरीच्या सीटवरून नायलॉनचं जाकीट घासत उतरतोस,
चार्ज तुझ्यात चढतो.
खाली रबरी तळवे. जाणार कुठून?
उठायच्या आधी चौकटीचा उघडा पत्रा धर,
धरूनच पाय टेकव,
मग सोड.
पैसे घेतले नाहीत त्यानं.

आणि मी इचलकरंजीच्या वायरमनचा मुलगा!
यंत्रमागांच्या शेडमागे अर्थिंगचा खड्डा होता,
आत मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी.
उन्हाळ्यात माती सुकू नये म्हणून
रोज तांब्याभर पाणी.
आई तुळशीला घालायची, मी खड्ड्याला.
वडील म्हणायचे, अनोळखी तारेवर भरवसा नको,
शिवायचंच झालं तर उलट्या हातानं;
सरळ हाताची मूठ मिटते,
मग सोडवत नाही.

दर दुसऱ्या शनिवारी, दहा ते सहा,
मृण्मयी माझ्याकडे असते.
कागदात तसं लिहिलंय.
चढावरच्या त्या घराचं दार विदुला उघडते,
मी खालच्या पायरीवर थांबतो.
नोव्हेंबरात वाकून गालाला हात लावला, टच्.
पुढच्या खेपेला पुन्हा टच्.
तिसऱ्यांदा माझा हात येताना दिसला
आणि तिनं नुसतेच डोळे मिटून घेतले.
सहा वर्षांची आहे.

ह्याला काय धरायचं
ते व्हर्लिनला विचारता आलं नाही.

मग मी चौकट तर धरायला लागलोच,
पण भरवसा नव्हता, म्हणून किल्ली हातात ठेवून
वाटेतला नळखांब, टपालपेटी,
शेजाऱ्यांचं कुंपण, पायऱ्यांचा कठडा –
कोणी खिडकीतून बघितलं असेल तर वाटलं असेल,
हा माणूस रस्त्यातल्या प्रत्येक लोखंडाच्या
पाया पडत येतोय.
दारात पोचेतो माझ्यात काही उरलेलं नसायचं.
मग ताप बघतात तसा
उलटा हात तिच्या गालाला.
काही झालं नाही.
तिनं आधी एकच डोळा उघडला.

डिसेंबर, जानेवारी असेच गेले,
बिनबोभाट.

परवाच्या शनिवारी दार तिनं उघडलं.
पायात लोकरीचे मोजे, केस चहूकडे उभे,
मागे कार्पेटवर घासल्याची लांबच लांब वाट.
एक बोट पुढे.
"बाबा, हलू नकोस. कशालाच हात लावू नकोस."
आणि माझ्या नाकाच्या शेंड्यावर असा काही चटका दिला
की डोळ्यांत पाणी आलं.
"सकाळपासून साठवत होते," म्हणाली.

मागे विदुला, हातात कॉफीचा मग.
तिलाही हसू आलं होतं;
मग आठवल्यासारखं तिनं ते आवरलं,
आणि मुलीची टोपी माझ्याकडे दिली,
टोक धरून.

गाडीकडे उतरताना
कठडा, कुंपण, टपालपेटी,
एकाही लोखंडाला मी शिवलो नाही.