करारात नसलेलं

सहा आठवडे दिले होते मला, आणि एक पाणमांजर.
टीव्हीवरचं. निळी टोपी, हातात कंदील,
मुलांना वीसपर्यंत आकडे शिकवणारं.
करारात लिहिलेलं: टोपी काढायची नाही,
शेपूट कंपनीनं दिलेल्या मापाची,
आणि पाणमांजरानं कधीही मरायचं नाही.

म्हणून ते नुसतं पाण्यात पडायचं. पडलं की हसायचं.
हसायला नट आणायचे पैसे उरले नव्हते.
डंडीतल्या आमच्या स्वयंपाकघरात
कपाटाला चिकटपट्टीनं माइक लावला
आणि फर्गसला गुदगुल्या केल्या.
चार वर्षांचा होता. हनुवटीला जॅम.
दीड सेकंद. त्याचा परवाना कुणी मागितला नाही.

पुढे मालिका बंद पडली. कंपनी विकली गेली,
विकत घेणारीही विकली गेली.
पाणमांजर आता कुणाच्या खणात आहे
हे वकिलांनाही धड सांगता येत नाही.
त्यामुळे खेळ विकता येत नाही.
खेळता येतो.

सव्वीस वर्षांनी ओउलूहून पत्र. कुणी याल्मारी.
"मिसेस गेडिस, आम्ही सात देशांतले चाळीसएक जण
तुमचा खेळ घड्याळ लावून खेळतो.
सध्याचा विक्रम नऊ मिनिटं चार सेकंद.
दीपगृहाचा जिना उतरण्यापेक्षा
पाण्यात पडणं स्वस्त पडतं,
म्हणून एका डावात अकरा वेळा पडतो.
ते हसू कुणाचं?
माझी मुलगी थेट तसंच हसायला शिकली आहे."

अकरा गुणिले चाळीस, गुणिले रोजचे डाव.
हिशेब मांडायला घेतला. सोडून दिला.

रविवारी फर्गस जेवायला आला.
हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकणारा ट्रक चालवतो,
रात्रीचा. तेव्हापासून बोलणंही
मोजून, चिमटीनं टाकल्यासारखं.
बटाटे सोलता सोलता ऐकवलं त्याला.
त्यानं हातातला काटा खाली ठेवला.
मान तिरकी केली.
"पुन्हा लाव."
लावलं.
"पुन्हा."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले,
मूर्खासारखी, हनुवटीकडे.

"मागे घरघर येतेय बघ," तो म्हणाला,
"तो आपला जुना फ्रीज.
दार लागायचं नाही त्याचं.
तू गुडघ्यानं ढकलायचीस."