घरात कोणी आहे का

आमच्या बेटावर मे महिन्यात जमीन दगड विते.
हिवाळाभर गोठलेली माती सैल पडते
आणि मागच्या वर्षी निवडून स्वच्छ केलेल्या वाफ्यांतून
पुन्हा वर येतात
बटाट्याएवढे, पावाएवढे,
एखादा तर वासराच्या डोक्याएवढा.

आम्ही चौघं एका ओळीत वाकायचो.
मायरे माझ्याहून दोन वर्षांनी थोरली,
मोठे दगड तिच्याकडे.
माझी बादली लहान,
आणि तिच्यातले गुळगुळीत मी हळूच खिशात सारायचो.

एकदा फेरीबोटीनं पलीकडून एक साहेब आले.
विजेचा खांब आमच्या कुंपणात रोवायचा होता, सही हवी होती.
आई छपरावर, तोंडात चार खिळे,
लव्हाळ्याच्या पेंढ्या ठोकून बसवत होती.
साहेबांनी मान वर करून विचारलं,
"घरात बाप्या माणूस कोणी आहे का?"
खिळे न काढताच ती म्हणाली,
"आहे की. चुलीपाशी.
पण आत्ता हाक मारू नका, पाक होत आलाय."

आत माझे वडील, हेल्डुर,
बाह्या दुमडलेल्या, वाफेनं चष्मा आंधळा,
लाल बेरींचा मुरंबा लाकडी डावानं ढवळत,
बशीत थेंब टाकून
दोन बोटांत तार येते का बघत.
तार आल्यावरच त्यांनी सही केली.
कागद साहेबांच्या बोटांना
बंदरापर्यंत चिकटला असणार.

मी तेव्हा नऊ वर्षांचा.
गोष्ट माझ्याआधी शाळेत पोचली.
तुझा बाप एप्रन लावतो, पोरं म्हणाली.
मी म्हटलं, साफ खोटं.
आणि त्या संध्याकाळी शेळी माझी पाळी असून
मी गोठ्याकडे फिरकलो नाही.
कोणी रागावलं नाही.
सकाळी मायरेच्या पावावर लोणी होतं,
माझा पाव कोरडा.
"ज्याचं दूध त्याचं लोणी," आई म्हणाली,
आणि बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकली.

एवढं सगळं वाटून घेणाऱ्या आमच्या घरात
एक वस्तू मात्र कुणी वाटून घेतली नव्हती,
हे कळायला तीस वर्षं गेली.
आई बर्फावर घसरली, मनगट मोडलं,
जून आला तरी नीट सांधेना,
आणि गवत कमरेला लागलेलं.
गवत कापायचा तो लांब दांड्याचा कोयता
तिच्या उंचीला बेतलेला, तिच्याच खुंटीवर.
त्याला धार कशी लावतात, हे आम्ही कुणी
कधी विचारलंच नव्हतं.

बाबांनी दगड घेतला. खर्र खर्र.
"पातं ओरडतंय," आई पायरीवरून म्हणाली.
मी घेतला. "अजून ओरडतंय. सपाट धर."
तिचे डोळे मिटलेले होते.
मायरे शहरातून सुटीवर आलेली, नखांना रंग,
तिनं घेतला, आणि चौथ्या की पाचव्या हाताला
आवाज पातळ झाला,
रेशमी कापड फाडावं तसा.
आई काही बोलली नाही.
उठून आत गेली, डाव्या हातानं डाव उचलला,
आणि त्या वर्षीचा सगळा मुरंबा करपवला.

आम्ही तो मार्चपर्यंत खाल्ला.
बाबा दर वेळी चमचा चाटून म्हणायचे,
"तार मात्र सुरेख आली होती हं, लेंबी."

आता वाफे माझ्याकडे आहेत,
आणि धुणंही.
काल यंत्र खडखडायला लागलं,
मी घाबरून बंद केलं, पाणी काढलं, हात घातला.
पिरेतच्या चड्डीच्या खिशात
सात दगड,
सगळे गुळगुळीत.

धुऊन तिच्या उशाशी ठेवले.
शेळीची पाळी आज तिची आहे.
लोण्याचं उद्या बघू.