दहा गुंठे

काळाघोड्याहून सव्वादहाची कंपनीची बस.
छाणी मागे पडली की सगळे खिडक्या लावून घेतात.
नंदेसरी आधी नाकाला कळते, मग डोळ्यांना.

रात्रपाळीत पहिलं काम, नमुना दिव्यासमोर धरणं.
आज कोऱ्या चहासारखा.
परीखसाहेबांना पांढरं हवं,
गोळी गिळणाऱ्याला पिवळ्याची शंका यायला नको.
पांढऱ्यासाठी काळं लागतं :
पंचवीस किलोच्या चार पिशव्या, पावडर कार्बन.

रायसिंग राठवा पिशवी फाडत नाही.
खालच्या कोपऱ्याला वीतभर चीर देतो,
चिरेचं तोंड गार पाण्यात बुडवतो,
आणि तिची ती रिकामी होईस्तोवर
मास्कमागे काहीतरी गुणगुणतो.
मागे एका नव्या पोराने पिशवी झटकली होती.
तासभर कोण कुणाचा साहेब कळेना,
फक्त दात ओळखू येत होते.

आधी गार पाण्यात खळ, मगच गरम टाकीत.
उकळत्यात कोरडा ओतला तर
मॅनहोलमधून सगळं अंगावर येतं.
अर्थिंगचा चिमटा लावला का, दोनदा विचारायचं.
तिसऱ्यांदा मी स्वतः जाऊन हात लावून बघतो.

कोळसा उगाळावा तितका काळाच,
असं शाळेच्या फळ्यावर मीच लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात.
हा उगाळावा तितका
दुसऱ्याला पांढरं करत जातो.

पुस्तकात दिलंय : त्याच्या एका ग्रॅमच्या पोटातली भोकं
उलगडून, भिंतीला भिंत जोडून पसरली
तर जमीन भरते सुमारे दहा गुंठे.
मी ते वाक्य दोनदा वाचलं.
सावलीच्या कोर्टात बाळाकाका आणि माझे वडील
बावीस वर्षं भांडले ते दहाच गुंठ्यांसाठी.
वडील गेले. दावा चालू आहे.
आता मी वारस क्रमांक दोन.

मार्चमध्ये टाकी धुताना रायसिंगचा पाना आत पडला.
तळाशी बोटभर ओला काळा गाळ.
वास नाही, वाफ नाही, काहीच नाही.
उतरू का, म्हणाला, एका मिनिटाचं काम.
मी मीटर दोरीला बांधून आत सोडला.
वीस पॉइंट नऊ हवं.
चौदा.
वर घेतला, पुसला, पुन्हा सोडला.
चौदा.
“भूख्यो छे,” रायसिंग म्हणाला
आणि शिडीवरचा पाय काढून घेतला.

ओला कोळसा बंद जागेत हवेतला प्राणवायू गिळत बसतो.
रंग कुठला आणि श्वास कुठला,
हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.
पंखा लावला. पाना सकाळच्या पाळीने काढला,
परमिटवर तीन सह्या घेऊन.
रायसिंग तोवर जिन्यावर बसून होता,
हातात बिडी, न पेटवलेली.
इथे पेटवता येत नाही.

फिल्टरमधून पहिली धार काळीच येते.
ती परत फिरवायची. पुन्हा काळी.
पुन्हा फिरवायची.
चारच्या सुमाराला काचेत काहीच दिसेनासं होतं,
तेव्हा समजायचं, आलं.
पिवळेपणा आता कार्बनच्या पोटात.
तो ड्रममध्ये भरतात, वर धोक्याची चिठ्ठी,
पुढे सिमेंटच्या भट्टीपर्यंत त्याची तो सांभाळणार.
बाहेर सांगत नाही कुणाला.

सोमवारी तारीख होती.
पाळी संपवून तसाच गेलो, फक्त शर्ट बदलला.
बाळाकाका बाकावर, पायाशी पाण्याची बाटली.
किती थकलेत.
वकील म्हणाले, पुढची तारीख.
काकांनी मला पाणी विचारलं, मी प्यायलो.
तोंड पुसलं तर रुमाल काळा.
“अजून तेच काम?” “तेच.”

बाहेर येऊन पॅंटचा खिसा उलटा केला, झटकला.
शिवणीत थोडी भुकटी उरली होती.
अंदाजे अर्धा गुंठा.
सातबारा कुणाच्याच नावावर नाही.